ब्रुनो सुआरेस : टेनिस दुहेरीतला ब्राझिली हुकमी एक्का

जन्म : 27 फेब्रुवारी 1982, घडला बेलो होरिझोंतेत

सर्वोच्च क्रमवारी : दुहेरीत जगात दुसरा (2016)

पुरुष दुहेरी, ग्रँड स्लॅम : ऑस्ट्रेलियन ओपन 2016 आणि यूएस ओपन 2016 (जोडीदार जेमी मरे, ब्रिटन), यूएस ओपन 2020 (माते पाविच, क्रोएशिया). यातलं शेवटचं विजेतेपद करोनाकाळात, रिकाम्या गॅलरीसमोर.

मिश्र दुहेरी, ग्रँड स्लॅम : यूएस ओपन 2012 (एकातेरिना माकारोवा), यूएस ओपन 2014 (सानिया मिर्झा), ऑस्ट्रेलियन ओपन 2016 (एलेना वेस्निना)

भारताशी धागा : यूएस ओपन 2014च्या मिश्र दुहेरीच्या अंतिम लढतीत मुंबईत जन्मलेल्या सानियासोबत त्याने अबिगेल स्पिअर्स-सांतियागो गोन्झालेस जोडीला 6-1, 2-6, 11-9 असं हरवलं. दुसरा सेट गमावल्यावर निकाल लागला तो सुपर टायब्रेकमध्ये.

दुहेरी धमाका : मेलबर्न, 2016. एकाच स्पर्धेत पुरुष आणि मिश्र, दोन्ही दुहेरींत विजेता.

गाववाला : दुहेरीत अव्वल क्रमांक गाठलेला मार्सेलो मेलोही बेलो होरिझोंतेचाच. लंडन 2012 आणि रिओ 2016 या दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुआरेस-मेलो जोडी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली.

निवृत्ती : यूएस ओपन 2022. सहापैकी चार ग्रँड स्लॅम किताब त्याने न्यूयॉर्कमध्येच जिंकले होते.