घरगुती पावसाळी पन्हळींची भारक्षमता व देखभाल : नवी मुंबईच्या संदर्भात

सारांश : पन्हळीवर दोन प्रकारचा भार येतो. एक वाहत्या पाण्याचा आणि दुसरा साचलेल्या वजनाचा. पन्हळीतील गाळ पाणी वाहून नेण्याची क्षमता घटवतो आणि त्याच वेळी वजन वाढवतो. म्हणून पन्हळीची खरी क्षमता खरेदीच्या वेळी नव्हे, तर दर वर्षीच्या देखभालीने ठरते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

प्रस्तावना

कोकणातील पारंपरिक कौलारू घराला बहुधा पन्हळ नसे. छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे आणली जाई व पागोळ्यांचे पाणी अंगणात पडे. घरे जवळ आली, अंगणे आक्रसली, तेव्हा छपराचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर जाऊ नये म्हणून पन्हळीची गरज निर्माण झाली. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या नवी मुंबईत हा बदल ठळकपणे दिसतो. आगरी-कोळी समाजाची जुनी गावठाणे, बैठी घरे आणि बहुमजली सोसायट्या येथे एकाच पावसाखाली उभ्या आहेत.

बेलापूर येथील आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात उतरत्या छपरांची रचली. एका चौकाभोवती सात घरे व दोन घरांत सामाईक भिंत नाही, अशी तिची योजना होती. प्रत्येक कुटुंबाला आपले घर स्वतंत्रपणे वाढविता यावे, हा तिचा हेतू होता. मात्र घर वाढले की छपराचे क्षेत्र बदलते आणि पन्हळीचे गणित नव्याने मांडावे लागते. सोसायट्यांच्या गच्च्यांवर उभारल्या जाणाऱ्या पत्र्याच्या शेडलाही हेच लागू पडते.

पाण्याचा भार

१ चौ. मी. छपरावर १ मिमी पाऊस पडला, तर १ लिटर पाणी जमा होते. १२० चौ. मी. क्षेत्राच्या छपरावर तासाला १०० मिमी या तीव्रतेने पाऊस पडला, तर दर सेकंदाला सुमारे ३.३ लिटर पाणी पन्हळीत येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्यातील सर्वाधिक पावसाच्या एका तासात सुमारे १९० मिमी पाऊस पडला. त्या तीव्रतेला याच छपरावरून सेकंदाला ६.३ लिटर पाणी येईल.

१५० मिमी व्यासाची गुळगुळीत, स्वच्छ अर्धगोल पन्हळ २०० स एक या उताराने बसविली असता मॅनिंगच्या सूत्रानुसार काठोकाठ भरून सेकंदाला सुमारे ५.८ लिटर पाणी वाहून नेऊ शकते. म्हणजे नेहमीच्या मुसळधार पावसाला ती पुरते, अतिवृष्टीत मात्र ओसंडते. तथापि पन्हळ पुरेशी असूनही खाली उतरणारा नळ अपुरा पडू शकतो. राष्ट्रीय इमारत संहितेतील तक्त्यानुसार तासाला १०० मिमी पावसात १०० मिमी व्यासाच्या एका नळावर सुमारे ४० चौ. मी. छपराचे पाणी सोडता येते. त्यानुसार वरील छपराला एक नव्हे, तर तीन नळ हवेत. नळ योग्य अंतरावर विभागले, तर पन्हळीच्या प्रत्येक भागावरील प्रवाहही त्या प्रमाणात घटतो.

वजनाचा भार

याच पन्हळीच्या एक मीटर लांबीत काठोकाठ सुमारे ८.८ लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी मावते. आधारपट्ट्या एकेक मीटरवर असतील, तर मधल्या प्रत्येक पट्टीवर एवढाच भार येतो आणि तो ती सहज पेलते. एक पट्टी गंजून तुटली, तर शेजारच्या पट्ट्यांवरील भार सुमारे दीडपट होतो. पण खरी हानी अंतर दुप्पट झाल्याने होते. वाकविणारा परिणाम अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात, तर झोळ चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. साध्या टेकूंवरील तुळईच्या गणिताने अंतर दुप्पट झाल्यास झोळ सोळापट होतो.

गाळाचा दुहेरी परिणाम

आता या पन्हळीत निम्म्या खोलीपर्यंत गाळ साचला, असे समजू. ओल्या गाळाचे वजन पाण्याच्या सुमारे १.८ पट धरल्यास भरलेल्या पन्हळीचा भार मीटरमागे सुमारे ११.६ किलो होतो, म्हणजे जवळपास एक-तृतीयांशाने वाढतो. त्याच वेळी प्रवाहासाठी उरलेली जागा व वेग दोन्ही घटल्याने वाहून नेण्याची क्षमता निम्म्याहून कमी, सुमारे २.७ लिटर होते. परिणामी एकच नळ असेल, तर सेकंदाला ३.३ लिटर आणणारा नेहमीचा मुसळधार पाऊसही तिला झेपत नाही. वजनाने पन्हळ झुकते, झुकलेल्या जागी पाणी थबकते, थबकलेल्या पाण्यात आणखी गाळ बसतो आणि पन्हळ अधिक झुकते. हे दुष्टचक्र आपोआप थांबत नाही. साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासांची पैदास होते, हा वेगळा धोका.

स्थानिक परिस्थिती व देखभाल

नवी मुंबईत पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या आठ महिन्यांची धूळ, पाने व कबुतरांची घरटी छपरावर व पन्हळीत साठतात. खाडीकडील खारी हवा लोखंडी पट्ट्यांना गंज चढविते. गुलमोहर, सोनमोहर व पर्जन्यवृक्ष यांची बारीक पर्णिका जाळीतूनही आत जातात. म्हणून संपूर्ण पन्हळीवर जाळी टाकून निर्धास्त होण्यापेक्षा नळाच्या तोंडाशी घुमटाकार जाळी बसवून ती वारंवार साफ करणे श्रेयस्कर.

देखभालीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल :

१. मे महिन्याच्या अखेरीस संपूर्ण सफाई करावी. त्यानंतर वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतून पाहावे. पाणी जेथे थांबते, तेथे उतार बिघडला आहे.

२. जूनमधील पहिल्या सरींनंतर दुसरी सफाई करावी. छपरावर साठलेली धूळ याच सरींबरोबर पन्हळीत येते, त्यामुळे मेमधील सफाई एकटी पुरत नाही.

३. आधारपट्ट्या जस्तलेपित किंवा गंजरोधक पोलादाच्या असाव्यात आणि त्यांतील अंतर ६० ते ९० सेंमी ठेवावे. तुटलेली पट्टी पावसाळ्यापूर्वीच बदलावी.

४. पीव्हीसी पन्हळीच्या सांध्यांत प्रसरणासाठी जागा सोडावी. ६ मीटर लांबीची पन्हळ ३० अंश तापमानबदलाला एक सेंटिमीटरहून अधिक लांबते.

५. शिडी पन्हळीला कधीही टेकवू नये. मीटरमागे नऊ किलो पाण्यासाठी केलेली रचना माणसाचा भार पेलू शकत नाही.

समारोप

पावसाळ्यापूर्वी नालेसफाईची चर्चा दर वर्षी होते. शहराच्या जलनिःसारणाची पहिली पायरी असलेली घरगुती पन्हळ मात्र दुर्लक्षित राहते, कारण तिची झीज जमिनीवरून दिसत नाही. दिसते ती भिंतीवरची ओल. वरील आकडेमोडीवरून स्पष्ट होते की मोठ्या मापाची पन्हळ बसविल्याने देखभालीची गरज टळत नाही. मोठ्या पन्हळीत गाळही अधिक मावतो व त्याचे वजनही अधिक होते. पुरेसे नळ, जवळजवळ बसविलेल्या आधारपट्ट्या आणि वेळेवर केलेली दोनदा सफाई हीच पन्हळीच्या क्षमतेची खरी हमी होय.