हात विसरत नाहीत, डोकं विसरतं

अमेरिकेत एकदा मिळालेला वैमानिकाचा परवाना मुदत संपून बाद होत नाही. ऐन पंचविशीत मिळवला, मग नोकरी, लग्न, मुलं, घराचे हप्ते यांत वीस वर्षं विमानाकडे फिरकायलाही जमलं नाही, तरी तो कायम. फक्त तेवढ्यावर उडता येत नाही. गेल्या २४ महिन्यांत इन्स्ट्रक्टरबरोबर किमान एक तास नियमांची उजळणी, किमान एक तास हवेत आणि मग त्याची सही, एवढं झालेलं असावं लागतं. वीस वर्षांनी परतणाऱ्या माणसाचं काम तेवढ्या दोन तासांत सहसा भागत नाही. का भागत नाही, याचं उत्तर मात्र आपल्या अंदाजाच्या अगदी उलटं आहे.

आपल्याला वाटतं, हात विसरले असतील. प्रत्यक्षात सायकलसारखं विमानही हातापायांत मुरलेलं असतं. सेसना १७२ हे चार आसनी विमान घ्या. १९५० च्या दशकापासून आजवर ४० हजारांहून जास्त बनली, त्यामुळे परतणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा तेच येतं. पूर्ण ताकदीवर नाक वर करून चढताना ते डावीकडे ओढ घेतं, कारण नाक वर असताना पंख्याचं उजवीकडून खाली येणारं पातं हवेला जास्त जोर लावतं. त्यावर उपाय म्हणजे उजव्या पायाने पेडल दाबून धरणं. किती दाबायचं, हे शब्दांत सांगणं कठीण. पण जुन्या वैमानिकाचा पाय पहिल्या दोन-तीन उड्डाणांत ते आपोआप करू लागतो.

ही स्मृती वेगळ्या कप्प्यात असते. १९५३ च्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाची नव्या आठवणी साठवण्याची क्षमता गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. दिवसागणिक त्याचा हात सफाईदार होत गेला, पण आदल्या दिवशी आपण हेच केलं होतं याचा त्याला पत्ताच नसे! हाताचं शिकणं आणि डोक्याचं लक्षात ठेवणं यांची खाती मेंदूत निराळी आहेत, ती अशी.

मग विसरतं काय? २०१४ साली संशोधक स्टीव्ह कॅसनर आणि सहकाऱ्यांनी बोइंग ७४७ च्या १६ वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये बसवून ऑटोमेशन काढून घेतलं. क्वचितच हाताने उडवणाऱ्यांचाही हात आणि उपकरणांवर फिरणारी नजर बऱ्यापैकी शाबूत निघाली. गडबड झाली ती विचारांत. आपण आत्ता नेमके कुठे आहोत, पुढची पायरी कोणती, काहीतरी बिघडलंय हे ओळखायचं कसं, यात मंडळी अडखळली. ही रोज उडणाऱ्यांची गत, मग वीस वर्षं घरी बसलेल्याचं काय?

छोट्या विमानात हे दिसतं सर्किटमध्ये. सर्किट म्हणजे धावपट्टीवरून उठून, साधारण हजार फुटांवर आयताकृती फेरी मारून पुन्हा तिथेच उतरणं. पाच-सहा मिनिटांचा खेळ. तेवढ्यात रेडिओवर आपली जागा सांगायची, इतर विमानं शोधायची, थ्रॉटल कमी करायचा, फ्लॅप टप्प्याटप्प्याने सोडायचे आणि शेवटच्या उतरंडीला वेग ६५ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी १२० किलोमीटर, धरून ठेवायचा. परतलेला वैमानिक यातलं प्रत्येक काम करू शकतो. ते वेळेवर आठवत नाही. एक राहिलं की पुढची तीन अंगावर येतात.

त्यातही विसरायला सर्वांत सोपी वस्तू म्हणजे कार्ब्युरेटर हीटची मूठ. बाहेर २० अंश सेल्सिअस तापमान आहे, छान ऊन आहे, आणि इंजिनाच्या घशात बर्फ! कार्ब्युरेटरच्या अरुंद नळीत हवेचा दाब घसरतो, पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि तापमान वीसएक अंशांनी खाली येऊ शकतं. हवा दमट असेल तर तिथेच बर्फ धरतो आणि इंजिन हळूहळू दम सोडतं. म्हणून जुन्या सेसनात उतरण्यासाठी ताकद कमी करण्याआधी ती मूठ ओढून गरम हवा आत घेतात. गाडी चालवताना असं काही कधी करावं लागत नाही, त्यामुळे मधल्या वर्षांत या सवयीला कसलाच आधार नसतो.

वयाचा धसका मात्र फार घेऊ नये. १९२९ मध्ये भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा १९३२ च्या ऑक्टोबरात कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले होते. त्या उड्डाणाला ५० वर्षं झाली, तेव्हा ७८ व्या वर्षी त्यांनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला, तोही एकट्याने.

तुमचं लॉगबुक कपाटात धूळ खात पडलं असेल, तर विमान भाड्याने घेण्याआधी घरच्या खुर्चीत बसून चेकलिस्ट मोठ्याने म्हणत आख्खं सर्किट करा. जिथे अडाल, तिथेच हवेतही अडाल. आणि तुम्ही वैमानिक नसाल, पण अमेरिकेतला एखादा भाचा ‘चल मामा, तुला विमानातून फिरवतो’ म्हणाला, तर खुशाल जा. फक्त गेल्या ९० दिवसांत किमान तीनदा उतरला आहेस ना, एवढं आधी विचारा. सोबत माणूस बसवायचा तर तिथला कायदाही हेच विचारतो.