चिठ्ठीआधी एक फोन

मालेगावच्या माग कामगाराला मोठ्या डॉक्टरसाठी नाशिकला जायचे म्हटले की अख्खा दिवस मोडतो. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. गाडीभाडे, सोबत येणाऱ्या भावाचा खाडा, नंबर लागेपर्यंत बाहेरचा चहा-नाश्ता, आणि आत पाच मिनिटे. पुष्कळदा उत्तर मिळते, "हीच गोळी चालू ठेवा, महिन्याने दाखवा." एवढे ऐकायला तिथवर जायलाच हवे होते काय?

फॅमिली डॉक्टर चिठ्ठी देतो ती दर वेळी आजार मोठा असतो म्हणून नव्हे. साखरेची गोळी वाढवावी की इन्सुलिन सुरू करावे, अंगावरचा चट्टा साधा आहे की दुसरे काही, अशी एखादी शंका त्याला असते. ती विचारायला कोणी नसले की तो पेशंटलाच पुढे पाठवतो.

कॅनडातील ओटावा भागात 2010 पासून यावर एक सोय आहे. फॅमिली डॉक्टर आपला प्रश्न, रिपोर्ट, फोटो संगणकावरून तज्ज्ञाला पाठवतो. उत्तर काही दिवसांत येते आणि तज्ज्ञाला त्या वेळेचे पैसे मिळतात. तिथे सुमारे दोन तृतीयांश पेशंटना तज्ज्ञाकडे जावेच लागले नाही. काही वेळा उलटही होते. डॉक्टर पाठवणार नव्हता, तज्ज्ञ म्हणतो, पाठवा. याने ओपीडीची रांग कमी होते. अपघात, बाळंतपण, ऑपरेशनच्या खाटा त्याने रिकाम्या होतील असे मात्र कोणी समजू नये.

आपल्या देशात नोव्हेंबर 2019 पासून सरकारी 'ई-संजीवनी'वर आरोग्य केंद्रातला डॉक्टर दूरच्या तज्ज्ञाला विचारू शकतो. मार्च 2020 च्या केंद्राच्या नियमांनी खासगी डॉक्टरलाही असा सल्ला घ्यायला वाट दिली आहे. उपचाराची जबाबदारी मात्र पेशंट पाहणाऱ्याचीच राहते.

मग गल्लीतल्या दवाखान्यात हे का दिसत नाही? गोम हिशेबाची आहे. फोन करून विचारले तर डॉक्टरला वेगळे काही मिळत नाही. चिठ्ठी दिली तर काही ठिकाणी कमिशन मिळते. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनी त्याला मनाई आहे, तरी 'कट' हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. दलाली मधे आली की माल लांबच्या रस्त्याने जातो, हे आम्ही धंदेवाल्यांना काय सांगावे! सगळेच डॉक्टर असे नाहीत, हेही खरे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, चिठ्ठी हातात पडताच अदबीने विचारावे, "डॉक्टरसाहेब, आधी फोनवर विचारता येईल का?" त्या वेळेची फी द्यायला मागेपुढे पाहू नये, बुडालेल्या रोजापेक्षा ती परवडेल. जुने रिपोर्ट एका फाइलीत तारखेवार लावलेले असले तर फोनवरचा तज्ज्ञही नेमके सांगू शकतो. छातीत कळ, अचानक धाप, तोंड वाकडे होणे किंवा अर्धे अंग लुळे पडणे, यात मात्र फोन नको. सरळ इस्पितळ गाठावे.