डिझेल इंजिनाचे ‘मिसिंग’: नोझल बदलण्यापूर्वीचे निदान

ऐन पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर लंगडत चालू लागतो. आवाजाची लय तुटते, बॉनेट थरथरते, नांगर किंवा रोटाव्हेटर लावताच ताकद कमी पडते. शेतकरी याला ‘इंजिन मिसिंग मारते’ असे म्हणतो आणि गॅरेजमध्ये बहुतेक वेळा पहिला संशय नोझलवर, म्हणजे इंजेक्टरवर घेतला जातो. पान पिवळे दिसताच कीटकनाशक फवारण्यासारखाच हा प्रकार आहे. पिवळेपणा रसशोषक किडीमुळे असेल, नत्राच्या कमतरतेमुळे असेल किंवा मुळाशी साचलेल्या पाण्यामुळेही असेल. मिसिंग हेही केवळ लक्षण आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळा ते वीसाव्या हिश्श्यापर्यंत दाबतो, त्यामुळे ती ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून ज्वलनासाठी तीनच गोष्टी लागतात: पुरेसा दाब, योग्य क्षण आणि बारीक फवारा. यांपैकी एखादी ज्या सिलिंडरमध्ये चुकते, तो सिलिंडर कामातून जातो. आपल्याकडील मध्यम शक्तीच्या अनेक ट्रॅक्टरांना तीनच सिलिंडर असल्याने एकाची अनुपस्थिती लगेच जाणवते.

फवारणी पंपाच्या नोझलचा अनुभव असलेल्यांना इंजेक्टर समजणे अवघड नाही. छिद्र झिजले की फवाऱ्याचा कोन बिघडतो, थेंब मोठे होतात आणि द्रावण पानावरून ओघळते. इंजेक्टरमध्येही हेच घडते, फक्त माप वेगळे. जुन्या यांत्रिक पद्धतीच्या ट्रॅक्टरांत इंजेक्टर ढोबळमानाने १८० ते २५० बार दाबाला उघडतो आणि त्याची छिद्रे ०.२ ते ०.३ मिलिमीटरची असतात. कॉमन रेल पद्धतीत दाब १,६०० बार किंवा त्याहून अधिक असतो व छिद्र ०.१ मिलिमीटरच्या आसपास. अशा छिद्रात तार घालून ‘साफ’ करणे म्हणजे नोझल कायमचे निकामी करणे होय. फवारणी पंपाच्या नोझललाही हाच नियम लागू आहे, आणि तोही फारसा पाळला जात नाही.

निदानाची सुरुवात मात्र टाकीपासून करावी. डिझेलच्या वाटेत हवा शिरली (शेतकऱ्यांच्या भाषेत ‘हवा धरली’) तर इंजिन चालते, अडखळते आणि बंद पडते. अशा वेळी हाताच्या प्रायमिंग पंपाने हवा काढून पाहावी. हवा पुन्हा पुन्हा येत असेल, तर एखादी नळी, वॉशर किंवा फिल्टरची बैठक सैल आहे. त्यानंतर फिल्टर आणि पाणी वेगळे करणारी वाटी पाहावी. पिंपात साठवलेल्या डिझेलच्या तळाशी पाणी बसते, आणि अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या बाफेचे पाणी होते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर अॅमॉर्फोथेका रेझिनी ही बुरशी वाढू शकते. तिचे तपकिरी, बुळबुळीत थर फिल्टर चोंदवतात. नवे नोझल बसवूनही आठवड्यात तक्रार परत आली, तर फिल्टर उघडून हे थर आहेत का ते पाहावे.

टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्रही तपासावे. कुंभारीण माशीला अशी अरुंद पोकळी घरट्यासाठी आयती सापडते. मातीने ते छिद्र बुजले की टाकीत निर्वात निर्माण होतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने इंजिनाला डिझेल अपुरे पडू लागते. झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज येऊन इंजिन सुधारले, तर दोष तिथेच आहे. कीटकवर्गीयांचा हा उपद्रव हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २०११ मध्ये माझदा कंपनीने अमेरिकेत हजारो पेट्रोल मोटारी परत बोलावल्या, त्या टाकीच्या वायुवीजन नळीत कोळ्यांनी विणलेल्या जाळ्यांमुळेच.

इंधनाची वाट स्वच्छ असूनही मिसिंग कायम असेल, तर धूर पाहावा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, आणि येथे इंजेक्टरइतकाच चोंदलेला एअर क्लीनरही दोषी असू शकतो. निळसर धूर वंगण तेल जळत असल्याचे सांगतो. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. तो थंड इंजिनातच येऊन नंतर थांबत असेल, तर मोटारीत ग्लो प्लग व सर्व इंजिनांत दाब तपासावा. गरम इंजिनातही तो येत राहिला आणि ऑईलच्या पट्टीवर पातळी वाढून डिझेलचा वास आला, तर इंजेक्टर गळत असण्याची शक्यता मोठी. असे इंजिन चालवत राहू नये. गळके डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि पिस्टनही जाळू शकते.

कोणता सिलिंडर बंद आहे, हे यांत्रिक पद्धतीच्या इंजिनात सहज कळते. इंजिन मंद गतीवर ठेवून एकेका इंजेक्टरच्या उच्चदाब नळीचा नट पान्याने थोडा सैल करावा. आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोषी तोच. हातमोजे व चष्मा आवश्यक आहे, आणि उघड्या नोझलसमोर बोट कधीही धरू नये.

कॉमन रेल इंजिनात ही चाचणी पूर्णतः वर्ज्य आहे. त्या दाबाची डिझेलची धार त्वचा भेदून आत शिरते. वर टाचणीएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत ऊती मरू लागतात. अशा जखमेवर तातडीने शस्त्रक्रिया लागते, आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. जखमीस थेट शल्यचिकित्सकाकडे न्यावे आणि ‘उच्चदाबाचे डिझेल आत गेले आहे’ हे स्पष्ट सांगावे. २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना कडक उत्सर्जन मानक लागू झाल्याने कॉमन रेल आता शेतातही आले आहे. म्हणून हा इशारा प्रत्येक प्रशिक्षणात द्यावयास हवा.

अशा इंजिनात स्कॅनर लावावा. पी-०३०१ ते पी-०३०४ हे संकेत त्या-त्या सिलिंडरमधील मिसिंग दर्शवतात, तर पी-०२०१ ते पी-०२०४ इंजेक्टरच्या विद्युत मंडलातील दोष. दुसऱ्या गटात अनेकदा नोझल निर्दोष असते आणि उंदराने कुरतडलेली वायर किंवा गंजलेला कनेक्टर सापडतो. त्यानंतर परतीच्या डिझेलची चाचणी करावी. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या पारदर्शक बाटलीत सोडून काही मिनिटे इंजिन चालवले असता, जी बाटली इतरांहून बरीच लवकर भरते तिचा इंजेक्टर आतून झिजलेला असतो.

तरीही शंका उरल्यास संशयित इंजेक्टर इंजिन बंद असताना शेजारच्या सिलिंडरच्या इंजेक्टरशी बदलून पाहावा. मिसिंग त्याच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेले, तर इंजेक्टर दोषी. मूळ जागीच राहिले, तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केटमुळे दाब कमी झाला आहे, आणि नव्या नोझलवरचा खर्च वाया जाईल. प्रत्येक वेळी तांब्याचा वॉशर नवा घालावा. बहुतेक कॉमन रेल इंजिनांत इंजेक्टरवरील सांकेतिक क्रमांक नव्या जागेप्रमाणे संगणकात नोंदवावा लागतो. ते न केल्यास निरोगी इंजेक्टरही लंगडतो. नोझल दुरुस्तीला दिले असल्यास परत घेताना चाचणी यंत्रावरील उघडण्याचा दाब व फवाऱ्याची स्थिती लेखी मागून घ्यावी.