पाट्याचा कोयता

दसरा जवळ आला की कळंब, भूम, वाशी, परंडा या तालुक्यांतल्या लोहारांना श्वास घ्यायला सवड नसते. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघणार. त्याआधी कोणाला जुना कोयता शेवटून हवा असतो, कोणाला नवा करायचा असतो. बालाघाटच्या या कोरडवाहू पट्ट्यात सहा महिन्यांचे पोट या एका पात्यावर चालते. मुकादमाची उचलही कोयत्यावरच ठरते: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा.

बाजारात तयार कोयते मिळतात. तरी जाणता तोडकरी लोहाराकडे जातो आणि सोबत ट्रकच्या कमानीचा पाटा घेऊन जातो. भंगारातला तो तुकडा निवडण्यामागे पक्के शास्त्र आहे. बांधकामाच्या सळईत कार्बन जेमतेम पाव टक्का असतो, त्यामुळे ती कितीही तापवून विझवली तरी धार धरत नाही. कमानीच्या पोलादात कार्बन अर्धा-पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो, जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. खड्ड्यांतून टनावारी ओझे वाहताना वाकून पुन्हा सरळ होणे हाच त्या पोलादाचा धर्म. नेपाळची खुकरी याच पाट्यातून घडते, आणि रानावनात फिरणाऱ्यांसाठी हाताने सुऱ्या घडवणारे परदेशी कारागीरही याच जातीचे पोलाद पसंत करतात.

आता कोयत्याला काय काय करावे लागते ते पाहा. ऊस जमिनीलगत तोडायचा, कारण साखर बुडख्याकडे जास्त असते आणि उंच खुंट राहिला तर खोडव्याचे फुटवे नीट येत नाहीत. मग पाचट सोलायचे, वाढे छाटायचे. म्हणजे वार करणे, सोलणे आणि छाटणे ही तीन कामे एकाच पात्याने, कमरेत वाकून, पहाटेच्या दवात आणि दुपारच्या उन्हात, शेकडो वेळा. फडात दगडगोटेही असतात. पाते फार कडक असेल तर दगडावर धारेचा टवका उडतो, फार मऊ असेल तर धार दुमडते. शिवाय ती फडातच साध्या कानशीने पाजळता आली पाहिजे, म्हणून पात्याचा कडकपणा कानशीपेक्षा कमीच ठेवावा लागतो.

हा तोल साधण्याचे कसब म्हणजे पाणी देणे. पाटा लालबुंद तापवून, ऐरणीवर घणाने ताणून, पात्याला आतल्या बाजूने बाक दिला जातो. टोकाकडे थोडे वजन राखतात, म्हणजे वाराला जोर येतो. आकार जमला की धारेची बाजू पुन्हा तापवतात. साधारण 770 अंश सेल्सिअसच्या आसपास लोखंडाला चुंबक चिकटेनासा होतो. पाणी त्याहून थोड्या वरच्या धगीला द्यायचे. उष्णतामापक कोणाकडेच नसतो, म्हणून भट्टी सावलीत हवी. उन्हात लाल रंगाची जात ओळखू येत नाही. अख्खे पाते बुडवत नाहीत, धारेची कडच तेवढी विझवतात. लगेच ती घासून उजळ केली की पाठीत उरलेली धग धारेकडे सरकू लागते आणि उजळ पट्टीवर रंग धावतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा साधारण 230 अंशांवर, निळा 300 च्या आसपास. मनाजोगा रंग धारेवर आला की पाते पुन्हा बुडवायचे. हा खेळ काही क्षणांचा. काही जण पाण्याऐवजी जळके तेल वापरतात, कारण पाट्याचे पोलाद पाण्यात एकदम गार झाले तर तडकू शकते. धार कडक आणि पाठ चिवट, असे दोन स्वभाव एकाच पट्टीत उतरवणे मला फार मोठी विद्या वाटते.

ही विद्या गावच्या लोहारांइतकीच घिसाड्यांनी जपली. गाडीवर संसार घालून गावोगाव फिरणारी ही भटकी जमात. त्यांच्यात पुरुष सांडशीने तापले लोखंड धरतो आणि बाई घण मारते. पुरुषाने छोट्या हातोड्याने जागा दाखवायची, तिने नेमका तिथेच घाव घालायचा. कोयत्याचे श्रेय वाटायचे तर निम्मे तिचे.

मुठीला बाभळीचे लाकूड लावतात. ते चिवट असते आणि सहज फाटत नाही. मूठ किती जाड, पाते किती लांब, बाक किती, हे तोडकऱ्याच्या मनगटावर ठरते. गिऱ्हाईक जुना कोयता हातात तोलून सांगते की नाकाला जड होतोय, मूठ जाड वाटतेय, आणि लोहार तेवढे उतरवतो. वापरणारा आणि घडवणारा समोरासमोर बसून वस्तू ठरवतात. रचनाकारांच्या शाळांत हीच गोष्ट शिकवावी लागते.

पुण्यातल्या ‘कोयता गँग’च्या बातम्यांनी या अवजाराचे नाव फार खराब केले, याचे मला मनापासून वाईट वाटते. 1959 च्या शस्त्र कायद्याने केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. खंडेनवमीला हळदी-कुंकू लावून पूजलेला कोयता कोणत्या हेतूने घडला, ते तोडकऱ्याच्या घरात सर्वांना ठाऊक असते.

माझी तक्रार वेगळी आहे. जोडीतली बाई बहुतेकदा पुरुषाच्याच मापाचा कोयता चालवते, जड आणि जाड मुठीचा. तिच्या तळव्याला बसेल अशी मूठ, थोडे हलके पाते, कमी वाकावे लागेल असा मुठीचा कोन, हे सगळे पाट्यातून घडू शकते. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पोलादाचा कडकपणा मोजता येईल, आणि भट्टीवर जाणते हात आहेत. या तिघांनी तोडकरी बायकांना सोबत घेऊन बसावे आणि दिवाळीच्या आत पहिले दहा कोयते घडवून फडात चालवून पाहावेत.