खुराड्याचे अर्थकारण

ज्या घराला जमीन नाही, बैल नाही आणि ज्याला बँक दारात उभे करीत नाही, त्या घरात पहिले भांडवल बहुधा कोंबडीच्या रूपाने येते. निजामी अमलात गावी अंमलदार उतरला की कोंबडी मागायला माणूस आधी आपल्या वस्तीत येई. मोल मिळण्याचा प्रश्न नसे. ती कोंबडी वाढवणाऱ्या बाईचा हिशेब कुठल्याच दफ्तरात नोंदला गेला नाही. तो येथे मांडायचा आहे.

भोकरदन तालुक्यातील हसनाबाद आणि भोवतालच्या गावांत मजुरी कपाशी-मक्याच्या हंगामापुरती. हंगाम सरला की तेलमिठाची भिस्त अंड्यांवर येते. मी आज कॉलेजात शिकवतो. माझी परीक्षेची फी एकदा अंड्यांच्या पैशांतून भरली गेली होती. म्हणून या विषयाकडे मला गंमत म्हणून पाहता येत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्या घराने चार तलंगा आणि एक कोंबडा घ्यावा. कोंबडा वस्तीत असेल तर तोही नको. एक कोंबडा आठ-दहा कोंबड्यांना पुरतो. गावरान कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते. याला आळस म्हणणारे कागदी तज्ज्ञ तिचे बाकीचे काम विसरतात. ती खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवर बसते, पुढे दोन-तीन महिने पिल्ले हिंडवते. म्हणजे उबवणीचे यंत्र आणि दाई दोन्ही तीच. रवणीला दहा-बारा अंडी ठेवावीत, आठवड्यापेक्षा शिळी नकोत. सातव्या-आठव्या रात्री बॅटरीच्या उजेडासमोर अंडे धरले तर जिवंत अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. कोरे दिसेल ते काढून टाकावे.

सुधारित जातींचा गाजावाजा बराच आहे. हैदराबादच्या संशोधकांची वनराजा आणि बंगळूरची गिरिराजा वजनाला व अंड्यांना गावरानपेक्षा निश्चित सरस. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, आणि त्यांच्या पिल्लांत आईबापाचे गुण पूर्ण उतरत नाहीत. दर खेपेला पिल्ले विकत आणावी लागतात. छत्रपती संभाजीनगरला शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. हाती रोकड खेळती झाल्यावर त्या जरूर पाळाव्यात. पहिल्या वर्षी मात्र स्वतःची वाढ स्वतः करणारे भांडवलच बरे.

खुराड्याबद्दल थोडक्यात. जमिनीपासून हातभर उंच, कोरडे, मुंगूस शिरणार नाही असे, कोंबडीमागे एक चौरस फूट जागा. पहिले काही आठवडे पिल्ले डालग्याखाली ठेवावीत, घार वरून बघत असते. ज्वारीची कणी, थोडी पेंड आणि उकिरड्यावरची वाळवी एवढ्यावर ती उभी राहतात.

खरा घात मानमोडीने होतो. हाच राणीखेत रोग. हिमालयातील ज्या गावाचे नाव त्याला पडले तेथे तो 1927 च्या सुमारास आढळला. एकदा शिरला की आठवड्यात वस्तीतली खुराडी रिकामी होतात. त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठ आठवड्यांनी आर-टू-बी लसीची सुई. लस महाग नाही. अडचण वेगळीच आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, ती बर्फावर ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची बाई एकटी ही कुपी आणून काय करील? आणि तिने आणली तरी शेजारची बिनलसीची कोंबडी रोग वस्तीत टिकवून ठेवतेच. कोंबडी घराची असते, रोग वस्तीचा असतो.

म्हणून आधी घरे मोजावीत, मग कोंबड्या. पंधरा-वीस घरांनी वर्गणी काढून पशुवैद्यकीय दवाखान्यात वार ठरवून घ्यावा. टोचणी संध्याकाळी किंवा पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच करावी. दिवसा त्यांच्यामागे धावणे म्हणजे पोरांचा खेळ. पैसे बाईच्याच हाती राहावेत, कारण राबते ती. योजनेच्या अर्जावर नाव मात्र बहुधा घरधन्याचे पडते.

अंडी सगळी विकू नयेत. शाळेच्या आहारात 2023 साली अंडे आले, आणि जानेवारी 2025 मध्ये शासनाने त्याचा पैसा थांबवला. तेव्हा घरच्या पोराच्या ताटातले अंडे आधी बाजूला काढावे. पहिल्या रवणीतल्या तलंगाही राखाव्यात, विकायचे ते नर. माघात अंडी बसवली तर नर आषाढापर्यंत हाताशी येतात; आखाडात, श्रावण लागण्याआधी, गावरान कोंबड्याला गिऱ्हाईक घर शोधत येते.