समुद्रातला कचरा आणि झाडूची जात

दरवर्षी ६ डिसेंबरला आपण दादरच्या चैत्यभूमीवर जातो. तासन् तास रांगेत उभे राहतो, अभिवादन करतो, शिवाजी पार्कवर पुस्तके घेतो आणि गावी परततो. दुसऱ्या दिवशी चौपाटीवरच्या कचऱ्याची चर्चा सुरू होते. चर्चा करणाऱ्यांच्या सुरात ओळखीचा वास असतो. ‘ही माणसे आली आणि घाण करून गेली’ असा तो सूर. गणेशविसर्जनानंतर याच चौपाटीवर जे उरते त्याबद्दल बोलताना मात्र हा सूर लागत नाही. तेव्हा ‘आपण सर्वांनी भान ठेवायला हवे’ असे म्हटले जाते. कचरा तोच, वाळू तीच. फक्त सर्वनाम बदलते.

या सर्वनामाचा विचार केल्याखेरीज समुद्र स्वच्छ करण्याची कोणतीही मोहीम आपल्या समाजात उभी राहू शकत नाही, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. समुद्रातला कचरा बहुतांशी समुद्रावर तयार होत नाही. तो जमिनीवरून जातो. २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने समुद्रकिनारा लाभलेल्या १९२ देशांचा हिशेब मांडला. २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक जमिनीवरून समुद्रात गेले असावे, असा त्याचा अंदाज आहे. मुंबईपुरते बोलायचे तर त्याची वाट आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. वस्तीतली कचरापेटी भरून वाहते, गल्लीतला कचरा गटारात जातो, गटार नाल्याला मिळते, नाला मिठी नदीला किंवा खाडीला मिळतो आणि मिठी माहीमला समुद्रात जाते. पावसाळ्यापूर्वी नाल्यातला गाळ काढून काठावर ठेवतात. तो वेळेत उचलला नाही तर पहिल्याच जोरदार सरीत पुन्हा नाल्यात उतरतो. पुढे जून ते सप्टेंबरच्या उधाणाला समुद्र त्यातला बराचसा भाग किनाऱ्यावर आणून टाकतो. चौपाटीवर दिसणारा ढीग म्हणजे शहराने वर्षभर पाठवलेले आणि समुद्राने परत केलेले टपाल आहे. एका दिवसासाठी आलेल्या माणसांवर त्याचे ओझे टाकणे हा अडाणीपणा तरी आहे किंवा अप्रामाणिकपणा तरी.

घाटावरच्या वाचकाला वाटेल, आमचा याच्याशी काय संबंध? पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. पुण्याच्या पुलावरून टाकलेली पिशवी पूर्व किनाऱ्याची वाट धरते. महाडजवळून वाहणारी सावित्री बाणकोटला अरबी समुद्रात जाते. पाण्याला गाववेस नाही. आपल्याकडे वेशी माणसांनी केल्या, आणि पाण्यालाही केल्या.

महाडचे नाव निघाले म्हणून आठवण देतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर तेथील सनातन्यांनी दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांच्या घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ केले. या एका घटनेत आपल्या समाजाची शुद्धतेची कल्पना उघडी पडते. इथे घाण म्हणजे पाण्यात काय आहे ते नव्हे; पाण्याला कोण शिवले ते. ज्या समाजाला शेण टाकल्याने पाणी शुद्ध झालेले दिसते, त्याला खरी घाण दिसण्याची सवयच राहत नाही. स्वतःच्या उंबरठ्याबाहेर गेले की घाण संपली, आणि पुढे ती उचलायला एक जात आहेच. समुद्रात कचरा जाण्याची कारणे सांगताना लोकसंख्या, प्लॅस्टिक, नगररचना हे सर्व सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण कचरा टाकणारा आणि उचलणारा ही दोन वेगळी माणसे जन्मानेच ठरलेली असली की टाकणाऱ्याचा हात कधी थांबत नाही, हे कारण सांगायचे राहून जाते. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त दाखवून दिले की जात ही केवळ कामे वाटून देत नाही, काम करणारी माणसेच ती एकमेकांपासून तोडून वेगळी ठेवते. किनाऱ्यावर हे अक्षरशः पाहायला मिळते.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. मी शिक्षक होतो. माझे वडील सफाई कामगार होते. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतली पंधरावीस मुले घेऊन मी एका किनारा-स्वच्छता मोहिमेला गेलो. आयोजक शिकलेसवरलेले, चांगल्या मनाचे लोक होते. हातमोजे वाटले, टोप्या वाटल्या. मग गट पाडले. इतर गट वाळूवर गेले आणि आमच्या मुलांना एका गृहस्थाने सहज सांगितले, “तुम्ही जरा नाल्याच्या तोंडाकडचं बघा. तुम्हाला त्याची सवय असेल.” तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या तोंडून त्याची जात नकळत बोलली. आमच्यातल्या एका मुलाने हातातली टोपली खाली ठेवली आणि तो एक शब्दही न बोलता स्टेशनकडे चालू लागला. तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता.

संध्याकाळी वस्तीत ही गोष्ट कळली. महापालिकेत पंचवीस वर्षे झाडू मारलेली एक मावशी मला म्हणाली, “मास्तर, माझ्या पोराच्या हातात झाडू येऊ नये म्हणून मी झाडू मारला. अन् तुम्ही त्याला फुकट झाडायला नेता?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. घाणेरडी कामे सोडा, असे बाबासाहेबांनी आपल्याला सांगितले. ती सोडण्यासाठी आपल्या माणसांनी गावे सोडली, मार खाल्ला. आणि आज त्याच कामाला पाहुण्यांनी दोन तास हात लावला की छायाचित्र निघते, प्रशस्तिपत्र मिळते. वर्षाचे तीनशे दिवस ते करणाऱ्याचे नावही कोणाला ठाऊक नसते.

मग आपण या कामापासून दूरच राहायचे काय? मी बरेच दिवस तसे म्हणत होतो. पण समुद्र घाण झाला तर त्याची झळ कोणाला लागते ते पाहू. कोळ्याच्या डोल जाळ्यात बोंबील-जवळ्याऐवजी पिशव्या भरतात, जाळे फाटते, डिझेलचा खर्चही निघत नाही. नाले तुंबले की पाणी आधी नाल्याकाठच्या झोपडीत शिरते. २६ जुलै २००५ ला मिठीच्या काठाने ते पाहिले. देवनारच्या कचराभूमीला २०१६ च्या जानेवारीत आग लागली तेव्हा धूर पुष्कळांच्या घरात गेला, पण ज्यांची घरेच तिला लागून आहेत त्यांच्या फुप्फुसात तो आधी गेला. म्हणजे हा प्रश्न आपला आहे. तो कोणाच्या अटींवर सोडवायचा, एवढेच ठरवायचे आहे.

त्यासाठी जिथे माणसे एकत्र आली तिथे काय घडले ते तपासले पाहिजे.

वर्सोव्याचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्याला बरोबर घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे दर शनिवार-रविवारी माणसे वाढत गेली; त्यांत कोळीवाड्यातली होती, झोपडपट्टीतली होती आणि चित्रपटसृष्टीतलीही. किनाऱ्यावरची सार्वजनिक शौचालयेही त्यांनी धुतली. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले अंड्यांतून निघून समुद्रात गेली. हे मोठे काम आहे. त्यातले दोन धडे मी घेतो. एक, सातत्य, एका दिवसाच्या मोहिमेने किनारा एका भरतीपुरताच स्वच्छ होतो. दुसरा, शौचालय धुणे. जिथे पांढरपेशा माणूस शौचालयाला हात लावतो, तिथेच झाडूची जात थोडी ढिली होते. पण किनारा कितीही उचलला तरी नाला वाहतच असतो, ही मर्यादाही याच उदाहरणात दिसते.

दुसरे उदाहरण परदेशातले. १९८६ साली अमेरिकेत टेक्ससच्या किनाऱ्यावर सुमारे २,८०० माणसे जमली. त्यांनी कचरा उचलला, आणि उचललेली प्रत्येक वस्तू कागदावर नोंदवली. तीच पद्धत पुढे शंभराहून अधिक देशांत गेली. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आपल्याकडेही किनारे साफ होतात, ते याच परंपरेतले. अनेक वर्षे त्या यादीत सिगारेटची थोटके पहिल्या क्रमांकावर राहिली. या मोजणीचे महत्त्व आपण ओळखले पाहिजे. ‘लोक घाण करतात’ हे मत झाले. ‘या हातभर वाळूत अमुक पुड्या आणि अमुक झाकणे सापडली’ हा पुरावा झाला. मताने माणसांची बदनामी होते. पुराव्याने कारखानदाराला प्रश्न विचारता येतो.

तिसरे उदाहरण केरळचे. २०१७ साली कोल्लम जिल्ह्यात नींदकरा बंदरावर मच्छीमारांनी ठरवले की जाळ्यात आलेले प्लॅस्टिक परत समुद्रात टाकायचे नाही, पिशवीत भरून बंदरावर आणायचे. सरकारी खात्यांनी त्यांना साथ दिली. बंदरावर कोळी समाजातल्या स्त्रिया ते धुऊन निवडतात आणि त्यांना त्याची मजुरी मिळते. त्याचा चुरा रस्त्याच्या डांबरात मिसळला गेला. इथे कोणी कोणावर उपकार केले नाहीत. काम केले, दाम घेतले.

आणि चौथे आपल्या अगदी जवळचे. १९७२ साली ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळ सुरू करणाऱ्या डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य बाया आपल्याच समाजातल्या. त्यांनी संघटना केली, ओळखपत्रे मिळवली, आणि २००८ साली त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या बायांपैकी पुष्कळजणींनी समुद्र पाहिलाही नसेल. तरी नदीत आणि पुढे समुद्रात जाणारा कितीतरी कचरा त्यांनी उंबरठ्यावरच अडवला. समुद्र वाचवणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव पहिले हवे.

त्या यादीत ते येत नाही, याचे कारण भंगाराच्या दुकानात सापडते. पाण्याच्या बाटलीला भंगारात भाव आहे. म्हणून ती पडली की वेचणारी बाई उचलते. शाम्पूच्या पुडीला, गुटख्याच्या पुडीला, चिवड्याच्या चकचकीत पाकिटाला भाव नाही. अनेक थर एकमेकांना चिकटवून केलेली ही पाकिटे वितळवून पुन्हा वापरणे परवडत नाही. ज्याला भाव नाही ते नाल्यात उरते आणि समुद्रात जाते. चूक पुडी घेणाऱ्या मजूर बाईची नाही. मोठी बाटली घेण्याइतके पैसे तिच्याजवळ कधीच एकदम नसतात. तिच्या गरिबीच्या मापाने पुडी बनवणाऱ्याने तिची विल्हेवाट लावली पाहिजे. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत उत्पादकाची ही जबाबदारी लिहिलेली आहे. महाराष्ट्राने २०१८ साली पिशव्यांवर बंदी आणली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर. बंदीचा दंड हातगाडीवाल्याकडून पटकन वसूल होतो. कारखान्याच्या दारापर्यंत तो जाताना फारसा दिसत नाही. तिथपर्यंत त्याला नेण्यासाठी संघटित माणसे लागतात.

या सगळ्यातून मी काही अटी काढल्या आणि त्या मावशीला जाऊन सांगितल्या. त्या इथे मांडतो.

पहिली : कोणी नाल्याकडे जायचे आणि कोणी वाळूवर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. संयोजकाची चिठ्ठीही त्याच डब्यात असावी. दुसरी : त्या भागातल्या सफाई कामगाराला आणि वेचक बाईला मार्गदर्शक म्हणून बोलवावे, आणि त्या दिवसाचे मानधन द्यावे. कचरा कुठून येतो हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही. तिसरी : उचललेल्या वस्तूंचे भाव असलेली आणि भाव नसलेली असे दोन ढीग करावेत, मोजावेत, वहीत लिहावेत, आणि दुसऱ्या ढिगाची यादी वॉर्ड ऑफिसात व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्यावी. चौथी : किनाऱ्यावर जितके रविवार, तितकेच वस्तीत, जिथे कचरागाडी येत नाही तिथे ती यावी म्हणून. पाचवी : सफाई कामगारांच्या लढ्याला मोहिमेने उघड पाठिंबा द्यावा. मुंबईतल्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम होण्यासाठी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्या लढ्याच्या वेळी समुद्रप्रेमी कुठे होते, हे विचारायला हरकत नसावी.

मावशीने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, “चिठ्ठीत त्या साहेबाचं नाव टाकणार का?” मी हो म्हटले. “मग मी येते. पण झाडू मी धरणार नाही. मी सांगीन, ते धरतील.”

त्यानंतरच्या मोहिमेला ती आली. नाल्याच्या काठावर खुर्ची टाकून बसली. कोणत्या गल्लीतून काय वाहत येते, कोणत्या महिन्यात येते, रुग्णालयाचा कचरा कसा ओळखायचा आणि त्याला हात का लावायचा नाही, हे तिने तासभर सांगितले. मुले वहीत लिहून घेत होती. चिठ्ठीत त्या गृहस्थांचे नाव नाल्याच्या गटात निघाले आणि ते गेले, हेही नमूद केले पाहिजे. टोपली ठेवून गेलेला मुलगा परत आला. त्याच्याकडे वही होती.

शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती एवढीच आहे. समुद्र सर्वांचा आहे असे म्हणून माणसे एकत्र येत नाहीत. तळेही सर्वांचेच होते. कचरा सर्वांचा आहे हे आधी मान्य करावे लागते. तो उचलताना कोणाच्या हातात काय दिले जाते, त्यावर लक्ष ठेवा. पुढल्या मोहिमेला जाल तेव्हा हातमोज्यांबरोबर चिठ्ठ्यांचा डबा आणि एक वही न्या.